अमरच्या हातचा चारा

वरठी
१४ ऑगस्ट २०२४

बाई,

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आपण दोघी जावा आंबागडच्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होतो. तुम्ही टोपलीतून मूठमूठ घेऊन पसरत होतात. मी एकेक फूल उचलून शेजारी शेजारी मांडत होते. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "रेणू, मोह हाय तो, शाळेतल्या पोरी नाई. रांगेत कायले लावून राहिली?" आणि हसू सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरलात. मला तेव्हा राग आला होता. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला रांगेशिवाय दुसरं शिकवलं तरी काय होतं! आज सकाळपासून तुमचा तो पदर माझ्या डोळ्यांपुढे आहे.

फोन तुम्ही उचलत नाही. नका उचलू. म्हणून लिहिते आहे. तुम्ही एकेक अक्षर लावून वाचता, तेवढा वेळ तरी मी तुमच्यापाशी बसल्यासारखी होईन.

काल भाऊजी आले होते. फाटकातच उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. हातात पोतं, आणि पोत्यातून बाहेर आलेलं बकरीच्या पिलाचं तोंड. तुमचं नाव घेऊन म्हणाले, "रंभानं पाठवलं. माय मेली याची. अमरनंच दूध पाजावं, अमरनंच चारावं. दुसऱ्या कोणाचा हात नाई लागला पायजे."

मी विचारलं, "बाई कशा आहेत?"

"आहे," म्हणाले आणि वळले.

फेब्रुवारीनंतर तुमच्या घरून आलेली ही पहिली गोष्ट. प्रितमच्या तेरवीला मी आले तेव्हा तुम्ही आतून कडी घातली होती. मी तक्रार करत नाही. तुमचा मुलगा माझ्या घरी राहून नोकरी करत होता. माझ्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून तुमच्याकडे सुट्टीला निघाला होता. तुमसरच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. गाडी अमर चालवत होता, आणि तो वाचला. याच्यापुढे मी कोणत्या तोंडानं कडी वाजवणार?

अमरचं तुम्हाला कोणी काही सांगत असेल-नसेल. तो कामावर जात नाही. खोलीच्या बाहेर येत नाही. त्याच्या खोलीची आतली कडी मी सुताराकडून काढून घेतली आहे. का, ते लिहीत नाही. त्या दिवशी शेजारच्या ललिताबाई भाजी द्यायला आल्या नसत्या आणि दोघींनी मिळून दार ढकललं नसतं तर आज मीही तुमच्यासारखीच असते, एवढंच.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई गेल्या महिन्यापासून सांगत होत्या की गोळ्यांनी अर्धं काम होईल. याच्याजवळ एखादं जनावर द्या, ज्याचं खाणंपिणं याच्या एकट्यावर असेल. म्हणजे सकाळी उठायला कारण राहील. कुत्र्याचं नाव काढलं आणि अमर थरथरायला लागला. मांजर आणलं, ते पळून गेलं. मी हात टेकले होते, आणि तुम्ही तेच पाठवलंत, वर तोच निरोप की त्यानंच चारावं. बाई, तुम्हाला कोणी सांगितलं? की कोणी न सांगताच कळलं?

पिलू रात्रभर ओरडत होतं. पहाटे अमर स्वतः उठला आणि मला म्हणाला, "आई, बाटली कुठं आहे?" त्याचा आवाज मी विसरले होते.

तुमची
रेणू


२० ऑक्टोबर २०२४

बाई,

यंदा तुमच्याकडे दिवाळी नाही, माझ्याकडेही नाही. म्हणून सणाचं काही लिहीत नाही. तुम्ही पाठवलेल्या पिलाची खबर देते.

त्याचं नाव साहेब आहे. अमरनं ठेवलं. सकाळी दारात उभा राहतो, घरभर नजर फिरवतो आणि काही न बोलता निघून जातो, अगदी कारखान्यातल्या अमर-प्रितमच्या पाळीवरच्या साहेबासारखा. त्यानं आतापर्यंत माझ्या उशीचा अभ्रा, विजेचं बिल आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा सप्टेंबर महिना खाल्ला. त्यामुळे आमचे पितर अंदाजानंच जेवले. तो अमरच्या गादीवर झोपतो. ललिताबाई कुंपणावरून रोज बोलतात, "आमच्या बुढ्याले खाट नाई भेटत, अन् तुमच्या बोकडाले गादी! भाग्य लागते रेणूबाई." तरी रोज संध्याकाळी बोरीचा पाला कुंपणावरून टाकतात. मी उचलून देत नाही. अमरच उचलतो. तुमचं सांगणं मी मोडलेलं नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. कारखान्याची पाळी सुटते तेव्हा आमच्या रस्त्यावरून मोटारसायकली जातात, एकीमागे एक, संपतच नाहीत. प्रितम आणि अमर त्यांतूनच यायचे. आता तो आवाज सुरू झाला की अमर कपाट आणि भिंतीच्या मधल्या जागेत जाऊन बसतो, कानांवर हात घट्ट, श्वास अडकलेला, ओठ काळे. मी जवळ घ्यायला गेले तर लोटून द्यायचा. एकदा माझं मनगट सुजलं.

साहेब पहिल्यांदा त्या फटीत शिरला तेव्हा मला वाटलं आता हा पिलाला मारणार. पिलानं कपाळ अमरच्या गुडघ्यांना लावलं आणि ढुशी दिली. पिलं आईच्या कासेला देतात तशी. परत दिली. परत दिली. शेवटी त्याला आवरायला अमरला कानावरचा एक हात काढावा लागला. हात निघाला आणि श्वास आला. तेव्हापासून रोज असंच चालतं. त्याला कोणी शिकवलेलं नाही. त्याला बहुतेक दूधच हवं असतं.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, परदेशात यासाठी कुत्र्यांना महिनोन् महिने शिकवतात. मी म्हटलं, आमच्या मोठ्या जाऊबाईंनी पाठवला आहे. हे सांगताना मला इतकं बरं वाटलं, बाई.

रेणू


१९ जानेवारी २०२५

बाई,

भाऊजींच्या हाती दोन्ही पत्रं तुम्हाला मिळाली आणि तुम्ही ती पेटीत ठेवलीत, एवढं कळलं. मला पुरेसं आहे.

अमर बाहेर पडला. आधी अंगणात, मग कुंपणापाशी, मग तळ्यापर्यंत, कारण साहेबाला आता अंगणातला पाला पुरत नाही. पुढे साहेब, मागे अमर. वाटेत लोक हाक मारतात, "काय अमरभाऊ, साहेब राउंडवर निघाले का?" आणि तो उत्तर देतो! तळ्यापाशी तो लाखोरीच्या शेताच्या बांधाला बसतो. दुपारी परत येतो तेव्हा चेहरा उन्हानं रापलेला असतो. या पोराला ऊन लागलं म्हणून आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

परवा पाळी सुटायच्या वेळी तो फाटकात उभा राहिला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हात साहेबाच्या मानेवर, बोटं केसांत रुतलेली. सगळ्या गाड्या गेल्या. तो आत आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "प्रितम असता तं त्यानं साहेबाचं लायसन काढून आणलं असतं."

बाई, त्यानं प्रितमचं नाव घेतलं. इतक्या महिन्यांनी. आणि हसला. मग बराच वेळ रडला, पण उघड्यावर, ओट्यावर बसून, माणसासारखा. मीही शेजारी बसून रडले. प्रितमला माझ्या हातची चण्याच्या डाळीची उसळ आवडायची आणि तुमच्या हातचीच आवडते असं तुम्हाला सांगायचा, हे आठवून रडले.

एक गोळी कमी झाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच राहिलं तर उन्हाळ्यानंतर कामाचं बघू. मी इतके दिवस हा शब्द लिहायला घाबरत होते, आज लिहिते. अमर बरा झाला.

रेणू


६ मार्च २०२५

बाई,

काल भाऊजी आले. या वेळी आत आले, पाटावर बसले, जेवले. मी भात वाढताना मनात म्हटलं, सरलं एकदाचं, आता बाईसुद्धा येतील.

हात धुऊन ते अंगणात गेले. साहेबाच्या पाठीवरून हात फिरवला आणि कण्यावर बोटं दाबली, बाजारात दाबतात तशी. "भरला चांगला," म्हणाले. "रंभा म्हणते, चैतात देऊन टाकू."

"काय देऊन टाकू?"

"मातामायले. नवसाचा हाय ना तो. तुले मालूम नोहोतं?"

मी खाली बसले. त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानंच आपल्या हातानं चारून बोकड वाढवायचा. बाजारातून आणलेला चालत नाही, दुसऱ्यानं पोसलेला चालत नाही. माणूस बरा झाला की मग द्यायचा. मी विचारलं, "पाठवलात त्या दिवशीच हे ठरलं होतं?"

"त्याच्याही आधी," म्हणाले.

मी म्हटलं, "भाऊजी, तो अमरचं औषध आहे."

"औषधच हाय. मी कुठं नाई म्हणलं? औषध लागू पडलं तं वैद्याचं देणं द्या लागते."

मी म्हटलं, याच्यापेक्षा मोठा बोकड घेऊन देते. दोन देते. ते हसले नाहीत. "अमरनं चारला का तो?" एवढंच विचारलं.

बाई, आपल्या घरात नवस फेडताना मी कधी आडवी आले का? सासूबाईंच्या वेळी मातामायच्या ओट्याशी तुमच्याबरोबर मीही चूल मांडली होती. जे मला पटत नव्हतं तेही मी तुमच्या शेजारी बसून केलं, कारण शेजारी तुम्ही होतात. पण हे करू नका. तुम्ही पिलू पाठवलंत ते कशासाठी, हे मी चुकीचं समजले. चुकीचं समजून का होईना, माझा मुलगा त्याच्यावर उभा आहे. भिंत बांधताना लावलेला टेकू भिंत वाळायच्या आत काढत नाहीत.

अमर त्या वेळी तळ्यावर होता. त्याला यातलं काही माहीत नाही. त्याला कळू देऊ नका.

रेणू


२३ मार्च २०२५

बाई,

तुम्ही फोन केलात. तुम्ही बोललात ते सगळं डोक्यात तसंच आहे, तरी लिहून काढते. तुम्हाला ते परत वाचता यावं आणि मी खरंच ऐकलं हे तुम्हाला कळावं म्हणून.

तुम्ही म्हणालात, "दोघंबी आत होते. डॉक्टर कायी सांगत नोहोते. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून मातामायले म्हणलं, दोघांतला एक तरी ठेव. दोन मागाची हिंमत नाई झाली मले, रेणू. लालची म्हणल असं वाटलं. तिनं एक ठेवला. मी 'माहावाला पोरगा' म्हणलंच नोहोतं."

मग तुम्ही म्हणालात,

"तेरवीले दार लावलं ते तुह्यावर रागानं नाई. तुले पाहून मनात आलं असतं, तो काहून नाई नेला. ते मनात आणायचं नोहोतं मले. अमर माह्याच हातानं वाढला. आता देणं नाई देलं तं ती दुसरा बी नेईल. एक घालवला मी. दुसरा नाई घालवत."

बाई, माझा देवीवर तसा विश्वास नाही, तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत एक देव शिकवला, घरी दुसरे होते, मी मधेच कुठेतरी राहिले. पण फोन ठेवल्यावर साहेब दारात उभा होता, आणि मला त्याची भीती वाटली. तुमचं भय असं फोनमधून माझ्या घरात आलं.

तुम्ही एकच मागितलात आणि मिळाला तो माझा. यावर मी तुम्हाला काय म्हणू? माफ करा म्हणू? मी रोज सकाळी उठून त्याला बघते आणि देवाचे आभार मानते, तेव्हा ते कोणाच्या घरचं घेऊन मानते, ते आता मला कळलं.

पुढचं वाईट आहे. मला हल्ली ऐकू कमी येतं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवते. अमर मागच्या दारात पायातला चिखल धूत होता. त्यानं सगळं ऐकलं. आत आला, साहेबाला पाणी ठेवलं, आणि म्हणाला, "मी नेतो."

मी म्हटलं, "कुठे नेतोस? कोणी नेणार नाही."

"मोठ्या आईनं एक मागतला अन् मी भेटलो. मंग तिचं देणं मीच नेऊन द्या लागल. प्रितम परत देता येत नाई मले. हे देता येते."

ओरडला असता, कपाटामागे गेला असता, तर मला काय करायचं ते माहीत होतं. तो शांत होता. साहेबाच्या कानामागची गोचीड काढत बोलत होता. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या फार चिडल्या, आधी माझ्यावर, मग तुमच्यावर. म्हणाल्या, त्याला ओढून नेऊ नका आणि बांधूनही ठेवू नका. जे ठरवेल ते त्यानं ठरवलेलं असू दे. त्यानंतर मात्र त्याला क्षणभरही एकटा सोडू नका. आजारी होता तेव्हा त्याला काहीच ठरवता येत नव्हतं, आम्ही दोघी त्यासाठीच धडपडत होतो. आता त्याला ठरवता येतं आणि त्यानं हे ठरवलं.

माझं तो ऐकत नाही. फक्त तुमचं ऐकेल. तुम्ही एकदा फोनवर 'नको' म्हणा. नारळावर भागतं, लिंबावर भागतं, लोक भागवतात. तुम्ही पुजाऱ्याला विचारा. तुम्ही मातामायला विचारा. तिच्याजवळ दोन मागायची तुम्हाला तेव्हा भीती वाटली होती ना, आता मागा. आता दोन्ही मागा, मुलगाही आणि मुका जीवही. बाई, मी तुमच्या पाया पडते.

रेणू


१२ एप्रिल २०२५

बाई,

तुम्ही 'नको' म्हणाला नाहीत. अमरनं फोन केला तेव्हा तुम्ही "ये बापा" म्हणालात, आणि नंतर तुम्हाला रडू आवरेना, असं त्यानंच सांगितलं. मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी मी असते तर कोणत्या पोरावर जुगार खेळले असते?

भाऊजी टेम्पो घेऊन आले आहेत. अमर साहेबाला शेवटचं पाणी दाखवतो आहे, तेवढ्या वेळात हे लिहिते आणि भाऊजींच्या खिशात घालते. अमरला या पत्राचं माहीत नाही. मी येत नाही. तो म्हणाला, "आई, तू रडशीन तं माह्या हातून नाई होणार." तुमसरच्या त्याच रस्त्यानं जावं लागणार. तो मागे साहेबाजवळ बसतो म्हणाला. भाऊजींना सांगितलं आहे, ड्रायव्हरजवळ न बसता त्यांनीही मागेच बसावं.

उद्याचं नीट वाचा.

मुंडकं पुजाऱ्याचं, ती रीत आहे, तिला मी काही म्हणत नाही. प्रितमच्या पाळीवरची मुलं येणार आहेत, पुढचे दोन्ही पाय त्यांच्या पानांत जाऊ द्या. त्यांना पोटभर वाढा, प्रितमच्या नावानं वाढा. गावात ज्यांना वाटे द्यायचे त्यांना तुम्ही द्या, तुमचा मान आहे. तुमचा वाटा तुम्ही घ्या. सोडू नका, नाहीतर अमरला वाटेल की फिटलं नाही. आमच्या घरचा वाटा पाठवू नका. ललिताबाईंनाही नको. त्यांनी सकाळपासून खिडकी उघडलेली नाही. कातडं विकू नका. भाऊजींनी ते पुरावं, आणि कुठे पुरलं ते अमरला सांगू नये.

अमरच्या पानात काही वाढू नका. त्यानं मागितलं तर वाढा, आणि तो जेवताना कोणी त्याच्या तोंडाकडे बघू नका.

गोळ्या भाऊजींजवळ दिल्या आहेत, त्या तुमच्या हातात घ्या. पांढरी सकाळी, गुलाबी अर्धी झोपताना, तुमच्यासमोर गिळू द्या आणि जीभ उचलून बघा. पाकीट तुमच्या कमरेच्या पिशवीत राहू द्या. फळीवर नको, त्याच्या बॅगेत तर नकोच. तो गोड बोलून मागेल. देऊ नका. त्याला प्रितमच्या खोलीत झोपवू नका. तुमची खाट अंगणात टाका आणि त्याची तिला लावून टाका.

संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला आणि तो कुठे दिसला नाही, तर भिंत आणि कोठीच्या मधल्या फटीत बघा. हात ओढू नका. त्याच्या गुडघ्यांना तुमचं कपाळ लावून बसा, तो हात काढेपर्यंत. तुम्हाला जमेल. लहानपणी त्याला तुम्हीच झोपवत होतात.

महिनाभर अमर तुम्ही ठेवा. मी तुम्हाला तो सोपवते आहे. एक मागितला होता ना, तो तुमच्या दारात येतो आहे. सांभाळा.

साहेबाला आम्ही आजपर्यंत कधी बांधलं नव्हतं. टेम्पोसाठी काल बाजारातून दोर आणावा लागला, नवा आहे, मजबूत आहे. उद्या ओट्याशी तो सोडाल तेव्हा आधी भाऊजींच्या हातात द्या. अमर म्हणेल, मी गुंडाळून ठेवतो. त्याच्या हातात देऊ नका. दोर लगेच तिथल्याच चुलीत घाला, आणि तो पूर्ण जळेपर्यंत तुम्ही तिथून उठू नका.

तुमची
रेणू